सादी कार्नो

उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाला एका कवीचे नाव होते, हे वाचून आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना बरे वाटते. लाझार कार्नो हा फ्रेंच राज्यक्रांतीतील प्रमुख पुढारी. १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये त्याला मुलगा झाला, तेव्हा शिराझच्या फारसी कवीवरून त्याने मुलाचे नाव सादी ठेवले.

सादी सोळाव्या वर्षी एकोल पॉलितेक्निकमध्ये दाखल झाला व पुढे सैन्यात इंजिनिअर झाला. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला, वडील परागंदा झाले, आणि मुलाच्या नशिबी किल्ल्यांचे नकाशे काढणे आले. १८१९ मध्ये अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो पॅरिसला अभ्यासाला बसला.

त्या काळी इंग्लंडमध्ये खाणी व गिरण्या वाफेवर चालत होत्या. पण ठरावीक कोळशातून जास्तीत जास्त काम किती निघेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सादीने पाणचक्की डोळ्यांपुढे आणली. पाणी उंचावरून खाली पडते म्हणून चाक फिरते. तशीच उष्णता तापलेल्या बॉयलरकडून थंड भागाकडे जाते म्हणून इंजिन चालते. म्हणजे नुसता विस्तव पुरत नाही, थंडावाही हवा! कामाची कमाल मर्यादा ही दोन तापमाने ठरवतात. मग वाफ वापरा की हवा.

१८२४ मध्ये त्याने हे विचार ११८ पानांच्या पुस्तकात स्वखर्चाने छापले, प्रती ६००. हस्तलिखित तो धाकट्या भावाला, इपोलितला, वाचायला लावी. शास्त्र न शिकलेल्यालाही ते कळले पाहिजे, हा त्याचा कटाक्ष. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. म्हणून असेल, मला ही गोष्ट त्याच्या सिद्धान्ताइतकीच मोलाची वाटते.

पुस्तकाची फारशी दखल कोणी घेतली नाही. २४ ऑगस्ट १८३२ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सादी पटकीने गेला. संसर्गाच्या भीतीने त्याचे बरेचसे कागद नष्ट झाले. १८३४ मध्ये क्लापेरॉनने त्याचे विचार गणितात मांडले. तो लेख वाचून १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, मूळ पुस्तकासाठी पॅरिसची दुकाने पालथी घालत होते. दुकानदारांना कार्नो ठाऊक होता, पण तो इपोलित! तरीही १८४८ मध्ये थॉमसननी निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी सुचवली, ती सादीच्या सिद्धान्ताच्या आधारे.

उरलेली टिपणे इपोलितने १८७८ मध्ये प्रसिद्ध केली. पुस्तकात सादीने उष्णता हा कधीही न घटणारा द्रव मानला होता. टिपणांत मात्र ती गतीच असून काम होताना खर्ची पडते, असे त्याने लिहिले होते, आणि किती उष्णतेचे किती काम होते याचा आकडाही काढला होता. हे लेखन जूलच्या १८४३ मधील प्रयोगांच्या निदान अकरा वर्षे आधीचे आहे.