कुंभारीण माशीची ओळख पटवणारा कर्नल

सुलतान बाजार (हैदराबाद) : इथल्या जुन्या मराठी घरांत काय अन् नांदेड-बीदरकडच्या वाड्यांत काय, खिडकीच्या चौकटीला चिकटलेलं मातीचं चिमुकलं मडकं सगळ्यांच्याच ओळखीचं. ते बांधते कुंभारीण माशी. पण कुंभारीण म्हणजे एकच माशी नव्हे. तिच्या कितीतरी प्रजाती आहेत. त्या वेगवेगळ्या ओळखायच्या कशा, हे भारत, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापुरतं एका ग्रंथात सविस्तर मांडलं ते लेफ्टनंट कर्नल चार्ल्स थॉमस बिंगहॅम यांनी.

सुलतान बाजाराला रेसिडेन्सी बाजार म्हणत, तो हा काळ. बिंगहॅम 1848 साली भारतातच जन्मले, शिकलेही इथेच. घराणं मूळचं आयरिश. आधी मुंबईच्या, मग बंगालच्या लष्करी दलात नोकरी झाली. पुढे ब्रह्मदेशात वनाधिकारी म्हणून नेमणूक झाली. सुरुवातीला नाद पक्ष्यांचा होता. ब्रह्मदेशच्या जंगलात तो कीटकांकडे वळला.

1894 मध्ये निवृत्त होऊन ते लंडनला गेले. तेव्हा वय जेमतेम 46. आराम करायचा सोडून हा गृहस्थ तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात कीटकांच्या पेट्या उघडून बसला, तेही बिनपगारी!

काम किचकट होतं. रंगावर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली, कारण एकाच प्रजातीचा रंग मुलखागणिक बदलतो आणि दोन वेगळ्या प्रजाती सारख्याच पिवळ्या-तांबूस दिसतात. म्हणून पंखांची घडी, पायाच्या नखीवरचा दात, पोटाच्या पहिल्या भागाचा देठासारखा आकार, असं एकेक लक्षण तपासावं लागे. मातीचंच घर बांधणारी दुसरी एक माशी घरात कोळी भरते. कुंभारीण भरते अळ्या.

या अळ्यांवरूनच आपल्याकडे जुनी समजूत होती, की कुंभारीण अळीला कोंडते आणि ध्यासानं अळीचीच माशी होते. खरं असं, की मादी मडक्यात अंडं घालते, डंखानं लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढतं. शेतातली अळी आयतीच कमी होते, म्हणजे फायदा शेतकऱ्याचाच.

1897 मध्ये गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरचा त्यांचा खंड निघाला. 1903 मध्ये मुंग्यांचा आला, मग फुलपाखरांचे दोन. 1905 मध्ये ब्लॅनफर्ड वारले, तेव्हा या अख्ख्या ग्रंथमालेचं संपादनही बिंगहॅम यांच्याकडे आलं. 18 ऑक्टोबर 1908 रोजी, साठीतच, ते गेले.

पुढे व्हेनिसचे जोर्दानी सोइका आणि डच संशोधक व्हान डर वेख्ट यांनी आशियातल्या या माश्यांची फेरमांडणी केली. बिंगहॅम यांनी ‘युमेनिस’ गटात ठेवलेली ‘एसुरिएन्स’ आता ‘डेल्टा’ गटात मोजतात. नावं बदलली, तरी आजही इथली कुंभारीण ओळखायला बसणाऱ्याला 1897 चा तो खंड उघडावाच लागतो.