पोप जॉन तेविसावे : प्रार्थनेतला एक शब्द गाळणारे धर्मगुरू



नाताळची माहिती सांगताना वर्गात एक प्रश्न कधी ना कधी येतोच. चर्चमध्ये न जाणारा माणूस चांगला असेल, तर देव त्याला स्वर्गात घेतो का? मुलं सरळ विचारतात आणि आपण गडबडतो. सगळे धर्म सारखेच, असं सांगून मोकळे होतो. पण कॅथलिक चर्चमध्ये या प्रश्नावर शेकडो वर्षं विचार झालाय, आणि त्या विचाराला वळण देण्यात एका शेतकऱ्याच्या मुलाचा मोठा वाटा आहे. आज त्यांची ओळख करून घेऊया.

एंजेलो ज्युसेप्पे रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीत, बेर्गामो शहराजवळच्या सोत्तो इल मोन्ते या खेड्यात झाला. घरची गरिबी. दुसऱ्याच्या जमिनीत राबायचं आणि निम्मं पीक मालकाला द्यायचं. तेरा भावंडांत हे चौथे. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांची सेवा केली.

इथे थोडं थांबून त्या काळची शिकवण समजून घ्यायला हवी. चर्चच्या बाहेर तारण नाही, असं जुनं सूत्र होतं. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळ कायमची जागा. (मुलांना मोक्ष म्हणून सांगू नका, दोन्ही कल्पना वेगळ्या आहेत.) १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तर इतर धर्मीय, ज्यू आणि चर्चपासून फुटलेले ख्रिस्ती या सगळ्यांना तारणाबाहेर ठेवलं होतं. ज्यांना चर्चची ओळखच झाली नाही त्यांचा दोष धरू नये, असं पुढे मान्य झालं. १९५३ मध्ये एक गंमतच झाली बघा. अमेरिकेतले फिनी नावाचे धर्मगुरू जुनं सूत्र अक्षरशः धरून बसले, रोमने बोलावलं तरी गेले नाहीत, म्हणून त्यांनाच चर्चमधून बहिष्कृत केलं गेलं! पण तरीही इतर धर्मांबद्दल चर्चने आदराने काय म्हणावं, हे कुणी नीट मांडलं नव्हतं.

रोंकाल्ली यांनी यावर कुठला मोठा ग्रंथ लिहिला नाही. त्यांचं शिक्षण झालं ते शेजारपाजाऱ्यांत. १९२५ साली पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांना बल्गेरियात पाठवलं. तिथे बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, कॅथलिक मूठभर. १९२८ च्या भूकंपात त्यांनी मदतकार्य उभं केलं. १९३५ च्या सुरुवातीला ते इस्तंबूलला गेले. तिथे आजूबाजूला मुसलमान, ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, ज्यू. त्याच वर्षी तुर्कस्तानात धर्मगुरूंना रस्त्यावर धार्मिक पोशाख घालायला बंदी आली. यांनी कुरकुर न करता साधा कोट-पँट चढवला. चर्चमधल्या काही प्रार्थना तुर्की भाषेत सुरू केल्या, त्यावर आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घेतली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या तावडीतून पळणाऱ्या ज्यूंना वाट मिळावी म्हणून बल्गेरियाच्या राजाला आणि रोमला पत्रं लिहिली, कागदपत्रं पोचवली. जवळजवळ वीस वर्षं हा माणूस अल्पसंख्य म्हणून जगला. माझ्या मते पुढचं सगळं इथून आलंय.

मग पॅरिस, व्हेनिस, आणि २८ ऑक्टोबर १९५८ रोजी, ७६ व्या वर्षी, ते पोप झाले. नाव घेतलं जॉन तेविसावे. म्हातारे आहेत, थोडे दिवस गादी सांभाळतील, असा अनेकांचा अंदाज होता. तीन महिने व्हायच्या आत त्यांनी जगभरातल्या बिशपांची महासभा भरवण्याची घोषणा केली.

त्याआधी गुड फ्रायडेची गोष्ट. त्या दिवशीच्या प्रार्थनेत ज्यूंचा उल्लेख एका लॅटिन विशेषणाने व्हायचा. त्याचा मूळ अर्थ श्रद्धा नसलेले असाही लावतात, पण लोकांपर्यंत तो विश्वासघातकी असाच पोचला होता. पिढ्यान् पिढ्या मुलं हे ऐकत मोठी झाली. १९५९ मध्ये पोप जॉन यांनी तो शब्द गाळला. १९६३ च्या गुड फ्रायडेला जुन्या सवयीने तो पुन्हा उच्चारला गेला, तेव्हा त्यांनी भर उपासनेत थांबवलं आणि प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली.

आपल्यासारख्या शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी एक भेट १३ जून १९६० ला झाली. झ्यूल इसाक हे फ्रान्समधले इतिहासाच्या शालेय पाठ्यपुस्तकांचे प्रसिद्ध लेखक. ज्यू म्हणून त्यांची शिक्षण खात्यातली निरीक्षकाची जागा गेली होती. पत्नी आणि मुलगी औशवित्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या होत्या. ८२ वर्षांचे इसाक पोपना भेटायला गेले ते कागदांचं बाड घेऊन. ज्यूंचा तिरस्कार धर्मशिक्षणातून कसा शिकवला जातो, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. निघताना त्यांनी विचारलं, की आशा ठेवू का. आशेपेक्षा जास्त ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. आणि ते नुसतं उत्तर राहिलं नाही. सप्टेंबरात कार्डिनल बेया यांच्याकडे मसुद्याचं काम दिलं गेलं. ऑक्टोबरात अमेरिकन ज्यूंचं शिष्टमंडळ आलं, तेव्हा पोपनी इजिप्तमध्ये भावांना ओळख देणाऱ्या योसेफाची आठवण काढून त्यांचं स्वागत केलं. ज्युसेप्पे म्हणजे योसेफच ना!

११ ऑक्टोबर १९६२ ला महासभा सुरू झाली. पोटाच्या कॅन्सरने ३ जून १९६३ ला पोप जॉन गेले. त्याच सप्टेंबरात इसाकही गेले. दोघांनाही निकाल पाहता आला नाही.

पुढचे पोप पॉल सहावे यांनी काम चालू ठेवलं. डिसेंबर १९६४ मध्ये ते मुंबईला आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची विनवणी करणारी प्रार्थना घेतली. आपण परिपाठाला म्हणतो तीच. त्याआधी काही दिवस महासभेने मान्य केलं होतं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सगळे धर्म सारखे, असं मात्र चर्चने म्हटलेलं नाही. तारण ख्रिस्ताकडूनच येतं, ही श्रद्धा तशीच आहे. हा फरक पालकांनीही समजून घ्यावा.

इतर धर्मांविषयीचं घोषणापत्र २८ ऑक्टोबर १९६५ ला मंजूर झालं, पोप जॉन यांच्या निवडीला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावानिशी आदराने उल्लेख आहे, मुसलमानांविषयी आदर आहे, आणि येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकू नये असं स्पष्ट सांगितलंय. बाजूने २२२१ मतं पडली, विरोधात ८८.

वर्गात हे सांगताना मी तारखा गाळते. प्रार्थना मध्येच थांबवल्याचा प्रसंग तेवढा सांगते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, हे मुलांना चांगलंच माहीत असतं. एवढ्या मोठ्या माणसांनाही तसं म्हणायला लावलं, याचं त्यांना भारी नवल वाटतं.