द्वारपाळ संत आल्फोन्स रॉड्रिग्ज

प्रभु येशू ख्रिस्तानें क्रूसावर आपलें पवित्र रक्त सांडून मानवजातीचें तारण केलें, ही गोष्ट आईच्या मांडीवर बसून क्रूसाची खूण शिकत असतांनाच आपणांस कळलेली असते. हें तारण आपण विकत घेतलेलें नाहीं, किंवा आपल्या कर्तबगारीनें मिळविलेलेंही नाहीं. तें केवळ देवाचें दान होय. परंतु दात्यानें कितीही उदार होऊन दान पुढें केलें, तरी घेणाऱ्यालाही आपला हात पुढें करावा लागतो. आणि तो हात उचलण्याचें बळसुद्धां त्याच दात्याच्या कृपेनें येतें. मग हा हात पुढें करावयाचा तो कसा? पुष्कळांस असें वाटतें कीं, हें काम पाद्री, मठवासी आणि रक्तसाक्षी यांचें. शेतावर राबणाऱ्यानें, चुलीपाशीं बसणाऱ्या माउलीनें, गिरणीत किंवा कचेरींत दिवस घालविणाऱ्यानें देवाच्या एवढ्या मोठ्या दानाला काय उत्तर द्यावें? या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें, असे एक संत म्हणजे आल्फोन्स रॉड्रिग्ज होत. त्यांच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें एका कॉलेजचें दार उघडण्यांत व लावण्यांत गेलीं.

आल्फोन्स यांचा जन्म १५३२ च्या सुमारास स्पेन देशांतील सेगोव्हिया शहरीं झाला. त्यांचे वडील दिएगो रॉड्रिग्ज हे लोकरीचे व्यापारी होते. घर सुखवस्तु, धर्मशील आणि पाहुण्यांचें आदरातिथ्य करणारें होतें. येशूसंघाच्या पहिल्या सभासदांपैकीं एक, फादर पीटर फेबर, हे त्या शहरीं उपदेशासाठीं आले असतां याच घरीं उतरले. हे फेबर म्हणजे पॅरिसच्या विद्यापीठांत आपल्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबर एका खोलींत राहिलेले त्यांचे जिवलग मित्र. ज्या झेवियरांचा पवित्र देह गोव्यांत आहे व ज्यांच्या दर्शनाला आपल्याकडील घराघरांतून माणसें जातात, त्यांच्या या मित्रानें बाल आल्फोन्सला पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठीं तयार केलें. पुढें २०१३ सालीं पवित्र ख्रिस्तसभेनें फेबर यांनाही संतांत गणलें. त्या लहान मुलाच्या हृदयांत पडलेलें बीं मात्र लगेच वर आलें नाहीं. त्याला पुष्कळ वर्षें मातीखालीं राहावें लागलें.

वडिलांनीं आल्फोन्सला आल्काला येथें येशूसंघाच्या फादरांकडे शिकावयास पाठविलें. एक वर्षही झालें नसेल तोंच वडील वारले, आणि शिक्षण अर्धवट टाकून तो घरीं परतला. वयाच्या तेविसाव्या वर्षीं आईनें सारा व्यापार त्याच्यावर सोंपविला. पुढें मारिया सुआरेझ नांवाच्या तरुणीशीं आल्फोन्स यांचा विवाह झाला व घरांत लेंकरें खेळूं लागलीं. इतर कोणत्याही व्यापाऱ्याप्रमाणें आपणही दुकान सांभाळावें, मुलांना वाढवावें आणि रविवारीं मिस्सा ऐकावी, एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

परंतु देवाची योजना निराळी होती. व्यापार बसत चालला. कराचा बोजा वाढला. थोड्या वर्षांच्या आंत मृत्यूनें त्यांच्या घरांत पुनःपुन्हां प्रवेश केला. पत्नी गेली, लेंकरेंही गेलीं, आईही गेली. वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या सुमारास आल्फोन्स विधुर झाले होते, आणि जवळ एक लहान मुलगा तेवढा उरला होता. त्याला घेऊन ते आपल्या दोन अविवाहित बहिणींच्या घरीं राहूं लागले. पुढें तोही मुलगा देवाघरीं गेला.

ज्यांच्या घरून लहानशी शवपेटी निघाली आहे, त्यांना हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं. अशा वेळीं मनुष्यापुढें दोन वाटा असतात. एक वाट देवावर रुसण्याची, व दुसरी रिकामे झालेले हात देवापुढें पसरण्याची. आल्फोन्स यांनीं दुसरी वाट धरली. पण तीही त्यांना सोपी गेली नाहीं. आपलें मागील आयुष्य देवाच्या दानाकडे पाठ फिरवून गेलें, या विचारानें ते व्याकुळ झाले. त्यांनीं सर्व आयुष्याचें कुमसार केलें. त्यांच्या बहिणी, अंतोनिया व जुलियाना, या प्रार्थनाशील होत्या. शांत बसून प्रभूच्या जीवनाचें मनन कसें करावें, हें त्यांनीं आपल्या या भावाला शिकविलें. पुढें ज्यांची संत म्हणून कीर्ति झाली त्यांना ध्यानाचा पहिला धडा मिळाला तो घरांतल्या स्त्रियांकडून, ही गोष्ट आपल्या माताभगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

आतां येशूसंघांत जाऊन सर्वस्व देवाला वाहावें, अशी ओढ त्यांना लागली. त्यांनीं अर्ज केला, पण तो नाकारला गेला. वय झालेलें, प्रकृति खालावलेली आणि शिक्षण अपुरें! आपले कुमसार ऐकणारे फादर व्हॅलेन्सिया येथें गेल्याचें पाहून तेही तिकडे गेले. तेथें पस्तिशी ओलांडलेला हा गृहस्थ लॅटिन शिकण्यासाठीं पोरांबरोबर बाकावर बसूं लागला. पोटासाठीं नोकरी करावी, मुलांचें हंसणें सोसावें आणि तरीही विद्या नीट डोक्यांत शिरूं नये, अशी त्यांची स्थिति झाली. याच सुमारास एका ओळखीच्या मनुष्यानें त्यांना एकांतवासी तपस्वी होण्याची भुरळ घातली. त्यांचें मन तिकडे वळलेंही. पण ही आपल्या मनाची लहर आहे, देवाची इच्छा नव्हे, हें त्यांना उमगलें, आणि यापुढें आपल्याच इच्छेनें चालावयाचें नाहीं असा निश्चय त्यांनीं केला.

अखेर येशूसंघाच्या प्रांताधिकाऱ्यांनीं इतरांचा विरोध बाजूस सारला. हा मनुष्य विद्वान् होणार नाहीं व पाद्रीही होणार नाहीं, पण संत होण्यासाठीं तरी त्याला आंत घ्यावें, असा त्यांचा अभिप्राय पडला असें सांगतात. ता. ३१ जानेवारी १५७१ रोजीं आल्फोन्स यांना ब्रदर म्हणून घेण्यांत आलें. त्याच वर्षीं त्यांना भूमध्य समुद्रांतील मायोर्का बेटावर, पाल्मा शहरांतील मोंटेसियोन कॉलेजांत पाठविलें. तेथें त्यांनीं सेहेचाळीस वर्षें काढलीं. प्रथम पडेल तें काम केलें; आणि पुढें कांहीं वर्षांनीं दारावरचें काम त्यांच्याकडे आलें, तें वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याकडेच राहिलें.

द्वारपाळाचें काम तें काय? घंटा वाजली कीं उठावें, दार उघडावें, आलेल्याचें नांव-काम विचारावें, फादरांना किंवा विद्यार्थ्यांना बोलावून आणावें, निरोप पोंचवावेत, भिकाऱ्यांना अन्न वाटावें आणि पुन्हां दार लावून जाग्यावर येऊन बसावें. दिवसांतून किती वेळां घंटा वाजेल याचा नेम नाहीं. जपमाळेचें एक दशक पुरें होतें न होतें तोंच पुन्हां घंटा! येणारा कधीं नम्र असे, कधीं उर्मट. कधीं खरा गरजू, तर कधीं नुसता रिकामटेकडा. या कामांत कोणाचें नांव होत नाहीं, आणि चूक झाली तर बोलणीं मात्र खावीं लागतात.

आल्फोन्स यांनीं याच कामाला आपली आराधना बनविलें. घंटा वाजली कीं दाराशीं प्रत्यक्ष प्रभुच उभा आहे असें समजून ते आनंदानें उठत, आणि वाटेंतच मनांतल्या मनांत त्याला आपण आलों असें कळवीत. दार उघडल्यावर पुढें सरदार असो कीं लक्तरें नेसलेला भिकारी असो, त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर तोच असे. हळूहळू लोक दाराशीं केवळ निरोप घेऊन येईनासे झाले. ते दुःख घेऊन येऊं लागले. विद्यार्थी, व्यापारी, अधिकारी या अल्पशिक्षित ब्रदरला सल्ला विचारूं लागले. ज्यानें स्वतः बायकामुलें मातीआड केलीं होतीं, त्याच्याजवळ शोकाकुळ माणसाला खरा दिलासा मिळे.

यावरून त्यांचें अंतःकरण सदा शांतींत न्हालेलें होतें असें मात्र कोणी समजूं नये. वर्षानुवर्षें त्यांना तीव्र मोह सोसावे लागले. प्रार्थना कोरडी वाटे. देव दूर गेला असें भासे. शरीरही दुखण्यांनीं पिडलेलें असे. तरी त्यांनीं प्रार्थना सोडली नाहीं आणि दारही सोडलें नाहीं. मन भरून येवो वा न येवो, घंटा झाली कीं उठावयाचें, हाच त्यांचा विश्वास होता. आपणांपैकीं ज्यांना प्रार्थनेंत गोडी लागत नाहीं म्हणून आपली श्रद्धाच खोटी असें वाटतें, त्यांना यांत मोठें आश्वासन आहे.

पवित्र मरियेवर त्यांची निस्सीम भक्ति होती. तिच्या निष्कलंक गर्भसंभवाची लहान प्रार्थनाविधि ते रोज म्हणत व इतरांनाही तिच्या प्रती लिहून देत. आणि हें ख्रिस्तसभेनें १८५४ सालीं तो धर्मसिद्धांत जाहीर करण्याच्या अडीचशें वर्षें आधीं! बेल्व्हर किल्ल्याची चढण एका फादरांबरोबर उन्हांत चढत असतां ते थकून गेले, तेव्हां माउलीनें येऊन त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. त्यांच्या आज्ञापालनाविषयींही एक गोष्ट सांगतात. वृद्धपणीं वरिष्ठांनीं त्यांची परीक्षा पाहण्यासाठीं त्यांना दूर इंडीजला जाण्याची आज्ञा केली, तेव्हां जहाज कोठें आहे याची चौकशीही न करतां ते तडक दाराकडे चालूं लागले.

१६०५ सालीं त्या कॉलेजांत पीटर क्लेव्हर नांवाचा एक तरुण विद्यार्थी आला. त्याच्या मनांत देवासाठीं कांहींतरी करण्याची तळमळ होती, पण काय करावें हें ठरत नव्हतें. सत्तरी ओलांडलेला द्वारपाळ व हा तरुण यांची गांठ पडली. दोघे रोज थोडा वेळ देवाविषयीं बोलत. समुद्रापलीकडे अमेरिका खंडांत किती आत्मे कोणी वाली नसल्यामुळें पडून आहेत, हें आल्फोन्स यांनीं त्याच्या मनावर ठसविलें. १६१० सालीं क्लेव्हर जहाजांत बसले आणि कार्टाहेना बंदरीं जाऊन, आफ्रिकेंतून साखळदंडांनीं बांधून आणलेल्या गुलामांची त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें सेवा केली. गुलामांचें जहाज बंदरांत आलें कीं अन्न व औषध घेऊन ते त्याच्या तळाशीं उतरत. आल्फोन्स यांच्या उपदेशाची वही त्यांनीं मरेपर्यंत जवळ बाळगली. आल्फोन्स स्वतः मायोर्का सोडून कोठेंही गेले नाहींत. परंतु त्यांनीं उघडलेल्या एका दारांतून केवढी दया जगांत बाहेर पडली!

वरिष्ठांच्या आज्ञेवरून १६०४ पासून त्यांनीं आपले आत्मिक अनुभव लिहून ठेवले. शेवटचीं वर्षें दुखण्यांत व अंथरुणावर गेलीं. ता. ३१ ऑक्टोबर १६१७ रोजीं येशूचें नांव घेत त्यांनीं प्राण सोडला. ज्यांच्यासाठीं ते दार उघडीत असत तें सारें शहर, बेटाच्या मुख्य अधिकाऱ्यापासून भिकाऱ्यापर्यंत, त्यांच्या अंत्यविधीला लोटलें. १६३३ सालीं मायोर्काच्या लोकसभेनें त्यांना आपल्या बेटाचे एक संरक्षक म्हणून निवडलें. १८२५ सालीं पोप बारावे लिओ यांनीं त्यांना धन्य म्हणून जाहीर केलें; आणि ता. १५ जानेवारी १८८८ रोजीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांना संतपद दिलें. त्याच दिवशीं त्याच मंदिरांत पीटर क्लेव्हर यांनाही संतपद मिळालें. गुरु आणि शिष्य, द्वारपाळ आणि गुलामांचा सेवक, एकाच वेळीं वेदीवर चढले.

प्रिय धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करतांना आपण मंदिराच्या भिंती, घंटा व वेदी यांचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्या वेदीवर प्रभु आपलें तारण पुनःपुन्हां आपल्या हातीं देतो, त्या वेदीपासून घरीं परतल्यावर आपण काय करतों, हा खरा प्रश्न आहे. आपल्याही दाराशीं दिवसांतून अनेकदां घंटा वाजते. रात्रीं आजारी सासू हांक मारते. शेजारी अवेळीं मदत मागावयास येतो. मूल तोच प्रश्न दहाव्यांदां विचारतें. बोलणें बंद झालेला भाऊ उंबऱ्याशीं येऊन घुटमळतो. त्या प्रत्येक वेळीं बाहेर कोण उभा आहे हें ओळखणें, आणि कपाळाला आंठी न घालतां उठणें, हेंच देवाच्या दानाला आपलें रोजचें उत्तर होय. त्यासाठीं विद्या लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, तारुण्यही लागत नाहीं. आल्फोन्स यांच्यापाशीं यांतलें कांहींच नव्हतें. त्यांच्यापाशीं देवाची कृपा होती, ती आपल्यालाही मिळालेली आहे. आणि घंटा होतांच उठण्याची तयारी होती, ती मात्र आपणच दाखवावयाची आहे.

आणि एके दिवशीं आपल्यालाही एका दाराशीं जाऊन उभें राहावें लागेल. त्या वेळीं आंतून तें उघडावयास येणारा प्रभु, आपण आयुष्यभर कोणाकोणासाठीं दार उघडलें हें विसरलेला नसेल.

संत आल्फोन्स रॉड्रिग्ज, आमच्यासाठीं विनंति करा.