शिशाचा डाख आणि ब्रिटिश ओपन

भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसला नाही, तर लगेच नव्या फिक्स्चरची ऑर्डर जात नाही. आधी कानस फिरते, नाहीतर वेल्डिंगचा एखादा थर चढतो, आणि मग पुन्हा बसवून बघतात. आज जवळजवळ प्रत्येक गोल्फरच्या बॅगेत असणारा सँड वेज असाच गॅरेजमधल्या खटपटीतून घडला. ती खटपट करणारा पठ्ठ्या म्हणजे जीन सॅराझेन.

27 फेब्रुवारी 1902 रोजी न्यूयॉर्कजवळच्या हॅरिसन गावात तो जन्मला. खरं नाव युजेनियो साराचेनी. वडील इटलीतून आलेले सुतार. घरात पैशांची कायम चणचण. त्यामुळे पोरगं लहानपणीच गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून श्रीमंतांच्या बॅगा उचलू लागलं. वडिलांना वाटायचं, पोरानं रंधा हातात घ्यावा. पोराचं लक्ष मात्र हिरवळीवर.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कुटुंब ब्रिजपोर्टला गेलं आणि तो कारखान्यात कामाला लागला. तिथं न्यूमोनियानं गाठलं. छातीत पू झाला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. त्याचा शोधच 1928चा. आपल्या पिंपरीतली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स तर 1954 साली स्थापन झाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पू काढला आणि तो वाचला. पण धुळीचं, बंद जागेतलं काम आता बंद, असं त्याला सांगण्यात आलं. सुतारकी संपली. मोकळ्या हवेतलं एकच काम त्याला येत होतं, ते म्हणजे गोल्फ.

पेपरात पहिल्यांदा नाव छापून आलं, तेव्हा त्याला ते एखाद्या व्हायोलिनवादकाचं वाटलं. म्हणून तो झाला जीन सॅराझेन. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आत. तरी 1922 मध्ये, अवघ्या 20व्या वर्षी, त्यानं यूएस ओपन जिंकली. त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिप, पुढच्या वर्षी पुन्हा पीजीए.

आणि मग गाडी अडली. पुढची आठ वर्षं एकही मोठं विजेतेपद नाही. तो हरत होता अनेक कारणांनी, पण एक दुखणं त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं: बंकर. त्या काळात वाळूतून चेंडू काढायला निब्लिक नावाचा क्लब वापरत. त्याची धार पातळ. फटका मारला की ती कुदळीसारखी वाळूत रुतायची आणि चेंडू तिथंच. खोलगट तोंडाचा एक क्लब निघाला होता, पण त्यावर 1931 मध्ये बंदी आली.

त्याच सुमारास सॅराझेन विमान चालवायला शिकत होता. शेपूट खाली गेली की विमानाचं नाक वर उचललं जातं, हे त्याच्या डोक्यात बसलं. क्लबचं मागचं अंगही असंच खाली आणलं तर? फ्लोरिडातल्या गॅरेजमध्ये त्यानं निब्लिकच्या तळाला शिशाचा डाख लावला, कानशीनं घासला, वाळूत फटके मारून पाहिले. जमलं नाही की पुन्हा डाख, पुन्हा कानस. शेवटी तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली. आता क्लब रुतत नव्हता. होडीच्या तळासारखा वाळूवरून सरकत होता आणि चेंडू वाळूच्या उशीवर बसून बाहेर येत होता.

1932 ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर होती. नवा क्लब कुणाच्या नजरेत येऊन त्यावर बंदी येऊ नये, म्हणून तो बॅगेत उलटा ठेवायचा, असं सांगतात. चार फेऱ्यांत 283 फटके आणि पाच फटक्यांनी विजय. त्याच महिन्यात त्यानं यूएस ओपनही मारली, तीही शेवटची 28 होल 100 फटक्यांत संपवून!

आज त्या खालच्या कडेला ‘बाउन्स’ म्हणतात. ऑफिसातल्या साहेबांबरोबर पहिल्यांदा कोर्सवर गेलात आणि वेज घ्यायची वेळ आली, तर ब्रँडच्या आधी दोन आकडे बघा. पहिला लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा. पिचिंग वेज साधारण 44 ते 48 अंश, सँड वेज 54 ते 56, लॉब वेज 58 ते 60. दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर ठेवा. बॅगेत एकूण 14च क्लब चालतात. दुसरा आकडा बाउन्सचा. मऊ वाळू आणि पावसाळ्यातल्या भुसभुशीत जमिनीला 10 अंशांच्या वर, उन्हाळ्यात दगड झालेल्या जमिनीला 6 च्या आत. कडक जमिनीवर जास्त बाउन्स घेतला, तर क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर बसतो. नवख्यानं आधी मधल्या बाउन्सचा एकच सँड वेज घ्यावा आणि तो हाताला बसवावा.

1935 च्या मास्टर्समध्ये सॅराझेननं 15व्या होलवर 235 यार्डांवरून, पार-पाचच्या होलवर दुसऱ्याच फटक्यात चेंडू आत घातला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो पहिला गोल्फर ठरला. 13 मे 1999 रोजी, 97व्या वर्षी तो गेला.

पण त्याची खरी गंमत 1973 ची. वय 71, स्कॉटलंडमधलं ट्रून, ‘पोस्टेज स्टॅम्प’ नावाचं अवघं 126 यार्डांचं होल. पहिल्या दिवशी त्याचा चेंडू एकाच फटक्यात होलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो बंकरमध्ये पडला. म्हाताऱ्यानं वाळूतून एकच फटका मारला आणि चेंडू थेट होलमध्ये. दोन दिवस ते होल खेळला, पण तिथं पटर बॅगेतून काढावाच लागला नाही.