सिनेमा-केसरी कै. बाबुराव पेंटर

कोल्हापुरात कृष्णराव मेस्त्री या नावाचे एक हरहुन्नरी कारागीर होऊन गेले. सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरील कोरीव काम, या सर्वांत त्यांचा हात सारखाच चाले. त्यांच्या घरी ३ जून १८९० रोजी जन्मास आलेला पुत्र पुढे अवघ्या महाराष्ट्रास बाबुराव पेंटर या नावाने परिचित झाला. मूळचे आडनाव मागे पडले आणि धंद्याचे नाव तेवढे लोकांच्या ओठी राहिले. कारागिराच्या कुळास याहून मोठी पदवी ती कोणती?

बाबुरावांचे शिक्षण कोणत्याही कलाशाळेत झाले नाही. हत्यार कसे धरावे आणि लाकडाची, धातूची जात कशी ओळखावी, हे त्यांनी घरीच पाहिले व चित्रकला स्वतःच्या अभ्यासाने साध्य केली. त्या काळचे कोल्हापूर कलावंतांना अनुकूल होते. छत्रपती शाहू महाराजांचे राज्य होते, आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार त्याच नगरीत नांदत होता. बाबुराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव या जोडीने १९१० पासून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास आरंभ केला व अल्पावधीत त्यांचे नाव पश्चिम हिंदुस्थानात सर्वतोमुखी झाले. पडदा रंगविणे हे वरकरणी वाटते तितके सोपे काम नव्हे. सपाट कापडावर राजवाड्याची खोली, अरण्याची गर्दी आणि तिन्हीसांजेचा उजेड असा उतरवावा लागतो की, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही तो खरा भासावा. छायाप्रकाशाचे जे मर्म बाबुरावांस पुढे उपयोगी पडले, ते त्यांनी याच पडद्यांवर आत्मसात केले, असे आम्हांस वाटते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकाशात आला आणि या दोघा बंधूंच्या मनास नवीनच ध्यास लागला. चित्र हलते हे त्यांनी पाहिले. मग ते आपल्याही हाताने का हलू नये? परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते; तेव्हा कॅमेराच घडवावा, असा त्यांनी निश्चय केला. या निश्चयाचे साहस ध्यानी येण्यासाठी यंत्राची थोडी माहिती हवी. मूकपटाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी सेकंदास सुमारे १६ वेळा पुढे सरकावी लागते. प्रत्येक वेळी ती क्षणभर निश्चल राहावी लागते, तेवढ्यात झडप उघडून मिटावी लागते आणि दोन्ही क्रियांचा मेळ केसभरही चुकून चालत नाही. पट्टीच्या कडेच्या छिद्रांत अडकणारा दाता किंचित वाकडा बसला की सारे चित्र थरथरते. हे सर्व यंत्र कोल्हापुरातच जुळवावयाचे होते!

काम अर्ध्यावर असता १९१६ साली आनंदराव कालवश झाले. ज्याच्या जोडीने पडदे रंगविले, ज्याच्या बरोबरीने हे स्वप्न पाहिले, तोच गेला. बाबुरावांनी ते काम टाकून दिले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु विष्णुपंत दामले या आपल्या शिष्यास हाताशी धरून त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने द्रव्यसाहाय्य केले आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. पैसेवाल्यांची वाण नसलेल्या त्या नगरीत हे औदार्य एका गायिकेने दाखवावे, हे विसरता येत नाही.

बाबुरावांची कामाची रीत चित्रकाराचीच राहिली. प्रसंग टिपण्यापूर्वी पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली यांची रेखाटने ते स्वतः करीत. ज्या हातांनी आयुष्यभर पडदे रंगविले, त्याच हातांनी त्यांनी चित्रपटातील रंगविलेला पडदा बाजूस सारला व त्याच्या जागी भरीव, खरोखर वावरता येईल असे वाडे व घरे उभारली. रंगांची तर निराळीच अडचण होती. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे, तर निळे आकाश पांढरेफटक. रंगांत वाढलेल्या माणसास डोळ्यांना दिसणारे विसरून फिल्मला काय दिसेल याचाच विचार करावा लागे. जाहिरातीची भित्तिपत्रकेही ते स्वहस्ते रंगवीत.

१९२० साली 'सैरंध्री' झळकला. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका उग्र उतरला होता की, तो भाग सरकारी परीक्षकांनी कापविला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांस 'सिनेमा-केसरी' ही पदवी दिली. १९२३च्या 'सिंहगड' या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला.

परंतु नगर जिल्ह्यातील वाचकांस विशेष जवळचा वाटावा असा त्यांचा चित्रपट म्हणजे १९२५चा 'सावकारी पाश'. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जो उठाव केला, त्याची झळ आपल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतील गावांपर्यंत पोहोचली होती. लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या जिवावर नव्हता, कर्जखतांवर होता. ती हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तरीही पाश सुटला नाही. देवदेवतांच्या आणि वीरपुरुषांच्या कथा सोडून बाबुरावांनी या जिवंत दुःखास हात घातला. सावकाराच्या लबाडीने जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. रात्रीच्या अंधारात एक उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे, एवढेच एक दृश्य. ना संवाद, ना हावभाव. पण ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनातून ते कधी गेले नाही. अंधार हा चित्राचा दोष नसून चित्राचे साधन आहे, हे ओळखणारी ती दृष्टी होती.

जाणत्यांनी वाखाणलेला हा चित्रपट धंद्यात मात्र चालला नाही. ज्याचे दुःख त्यात होते, त्यास तिकिटाचा पैसा कोठून मिळणार? आणि ज्यांच्यापाशी पैसा होता, त्यांस पौराणिक चमत्कार हवे होते.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मंडळी बाहेर पडली आणि 'प्रभात'ची स्थापना झाली. गुरूची कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. बोलपटांच्या युगात बाबुरावांनी मोजकेच चित्रपट केले. १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा, आवाजासह, काढला. हा विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता, हेच त्यावरून दिसते. उरलेला काळ त्यांनी बहुतांशी चित्रकला व शिल्पकलेत घालविला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्या वेळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी व लवकर कुजणारी असे. बाबुरावांच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष त्यामुळे हाती उरले. १९२५चा 'सावकारी पाश' आज पाहावयास मिळत नाही. ती झोपडी आणि ते कुत्रे, ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणींतूनच आपणांस ठाऊक आहेत.