नामदार गोखले व शाळेचा पैसा

उरण-पेणकडील मिठागरांवरून जाता-येता आमच्या वाचकांस नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांची आठवण सहसा होत नसेल. ती व्हावी असे आम्हांस वाटते. मिठावरील कर म्हणजे गरिबाने घासाघासास भरावयाचा कर. तो उतरावा म्हणून गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात सतत भांडले, आणि १९०३ ते १९०७ ह्या अवधीत तो मणामागे अडीच रुपयांवरून एका रुपयावर आला. सरकारच्या तिजोरीतील शिल्लक ही गरिबाच्याच पदरची आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. ती शिल्लक मग कोणावर खर्चावी, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला.

गोखले ह्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी आपला अभ्यास सोडून दरमहा पंधरा रुपयांची चाकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. धाकटा १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला. चरित्रकार ही हकीकत बंधुप्रेमाचा दाखला म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. परंतु एकास शिकविण्यासाठी दुसऱ्याचे शिक्षण तोडावे लागले, ही तिची दुसरी बाजू होय. आणि आठ रुपये पाठविणारा भाऊ प्रत्येक घरी असतो असे नाही.

पुढे न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज येथे पंचाहत्तर रुपये वेतनावर त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर कित्येक पिढ्या घोटल्या गेल्या. व्यापारी वाचकांस हे मुद्दाम सांगतो, कारण ह्या पुरुषाचे राजकारणही जमाखर्चाच्या वहीसारखे होते.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव कौन्सिलात आणला, व आश्वासन मिळताच मागे घेतला. वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, विधेयक मांडले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणास आरंभ करून १९०६ साली ते सर्व राज्यात लागू केले होते. जे एका संस्थानास झेपले ते साम्राज्यास का झेपू नये, असा साधा सवाल होता. सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर सक्ती. दरमहा दहा रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकास फी माफ. आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने सोसावा, ही त्यांची मागणी. हा शेवटचा मुद्दाच आम्हांस मर्माचा वाटतो. मुरुड किंवा श्रीवर्धनासारख्या लहान गावची जकात आणि मुंबईची जकात ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर. सारा भार स्थानिक पेटीवर टाकिला तर गावच्या ऐपतीप्रमाणे पोराची अक्कल ठरावयाची.

विधेयकात उणेही होते. मुलींची सक्ती पुढच्या काळावर ढकलली होती, आणि सक्ती लागू करणे न करणे स्थानिक संस्थेच्या मर्जीवर ठेविले होते. विरोधकांस चुचकारण्यासाठी हे केले असावे. विरोधक मात्र चुचकारले गेले नाहीत. सरकारने पैशाची सबब सांगितली, जमीनदारांस शेतावरचे मजूर जातील अशी भीती पडली. १९ मार्च १९१२ रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी विधेयक पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास गोखले निवर्तले, तेव्हा वय पन्नासही नव्हते. त्यानंतर तीन वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला.

आता सहा ते चौदा वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आम्ही वकिलीच्या सवयीने त्याचे अकरावे कलम वाचले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारने पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करावी, असे तेथे बंधन नाही. सरकार ती करू शकेल, एवढेच म्हटले आहे. कोळीवाड्यातील आई पहाटे मासळी घेऊन बाजारास जाते, तेव्हा तिचे चार वर्षांचे मूल त्या ‘शकेल’ वर सोपविलेले असते. १९१२ साली सहा वर्षांचे मूल जेथे उभे होते, तेथे आज हे उभे आहे. त्याच्या अंगणवाडीचा दोन-तृतीयांश खर्च कोणी उचलावा, हे विचारणारा सभासद आमच्या जिल्ह्याने अद्याप विधानसभेत पाठवावयाचा आहे काय, ह्याचे उत्तर मतदारांनीच आपल्या प्रतिनिधीस विचारून घ्यावे.