पुत्रशोकातील सोबती

दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यास चंद्रपूर व गडचिरोलीच्या गावागावांतून लोक चंद्रपूरच्या दीक्षाभूमीकडे येतात, हे आपण पाहतच असता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले आणि बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या नगरीत त्यांनी मोठ्या जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्यांची वाट निराळी होती आणि आपली श्रद्धा निराळी आहे. परंतु अपत्याच्या मृत्यूचे दुःख सर्व पित्यांना सारखेच असते. म्हणून आज त्यांच्या विद्वत्तेविषयी व राज्यघटनेविषयी न बोलता, मुले गमावलेल्या एका पित्याविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१३ साली ते शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. पुढे लंडनमध्ये शिकून १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. त्यांच्या अनुपस्थितीत रमाबाईंनी अत्यंत गरिबीत संसार सांभाळला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यांपैकी केवळ यशवंत जगले. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये वारला, तेव्हा या मातापित्यांनी आपले चौथे मूल मातीआड केले.

कोल्हापूरला दत्तोबा पवार नावाचे त्यांचे एक स्नेही होते. छत्रपती शाहू महाराजांच्या चळवळीतील हे कार्यकर्ते. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेच्या काळापासूनचा हा स्नेह. राजरत्नाच्या मृत्यूला सुमारे महिना उलटल्यावर, ऑगस्ट १९२६ मध्ये, बाबासाहेबांनी या मित्राला पत्र लिहिले. ज्या लेखणीने पुढे भल्याभल्यांना निरुत्तर केले, ती या पत्रात अगदी असहाय दिसते. आपण व पत्नी या आघातातून सावरलो आहोत असे सोंग करण्यात अर्थ नाही, हे त्यांनी प्रारंभीच सांगितले. तीन मुलगे व एक मुलगी गेल्यावर जीवनाची चवच गेली, ही व्यथा मांडली. शेवटी शोक इतका अनावर झाला की पुढे लिहवत नाही असे कळवून त्यांनी पत्र संपवले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. सभेत ज्याच्याकडून लोकांना धीर हवा असतो, त्याला स्वतःचा धीर सुटल्याचे कोठे सांगता येते? ते केवळ मित्रापाशी सांगता येते. त्या पत्राने राजरत्न परत आला नाही, शोकही मावळला नाही. तथापि ज्याच्यापुढे सावरल्याचा आव आणावा लागत नाही असा एक माणूस कोल्हापुरात होता, हाच या पित्याचा आधार होता. पुढे आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारोंच्या अग्रभागी उभे राहिले. त्या दिवशी मार खाणाऱ्या दलित बांधवांपैकी काहींना महाडच्या मुसलमान घरांनी आसरा दिला, हेही आपण स्मरणात ठेवावे.

आपल्याकडे सब्र या शब्दाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. मूल गेलेल्या बापाला आपण सांगतो की रडू नको, अल्लाहची इच्छा. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सर्व पुत्र बालपणीच गेले आणि कन्यांपैकी केवळ हजरत फातिमा (रजि.) त्यांच्या पश्चात हयात होत्या. तान्ह्या इब्राहीमच्या अखेरच्या क्षणी त्यांच्या नेत्रांतून अश्रू वाहिले. जवळ असलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) चकित झाले, तेव्हा ही करुणा आहे असे प्रेषितांनी समजावले. अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध तक्रार न करणे हा सब्र आहे. अश्रू त्याच्या आड येत नाहीत.

हदीसमध्ये आणखी एक प्रसंग येतो. एक सहाबी आपल्या लहान मुलाला घेऊन प्रेषितांच्या बैठकीस येत असत. मुलगा वारला आणि त्यांचे येणे थांबले. ही अनुपस्थिती प्रेषितांच्या ध्यानी आली. त्यांनी चौकशी केली, त्या पित्याची भेट घेतली व त्याचे सांत्वन केले.

आपली ताजियत बहुधा तीन दिवसांत आटोपते. जनाज्याला सारी वस्ती लोटते, शेजारघरातून जेवण येते, आणि चौथ्या दिवशी त्या घरात केवळ मातापिता व मुलाचे कपडे उरतात. दत्तोबांना आलेले पत्र मात्र महिन्यानंतरचे आहे. शोकाला खरा मित्र लागतो तो तेव्हा.

म्हणून वाचकहो, आपल्या मशिदीच्या सफेत कोणाची जागा अलीकडे रिकामी असते, ते पाहा. त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. त्याच्या मुलाचे नाव घ्या आणि तो बोलेल ते ऐका. तो शेजारी आपल्या धर्माचा नसेल, तरीही जा. अल्लाह आपणा सर्वांना शोकाकुलांचा सोबती होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.